शेतजमिनीत चाचणी चर कसा घ्यावा: गोव्यातील जुन्या वस्त्यांसाठी

गोव्यातील जुनी वस्ती बहुधा डोंगर आणि शेत यांच्या सांध्यावर असते. घरे व देऊळ जांभ्याच्या उंचवट्यावर, उतारावर मोरड म्हणजे पावसाच्या पाण्यावरची शेते आणि त्याखाली नदीकाठचे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती, अशी ही रचना आहे. म्हणून चाचणी चर, म्हणजे जमिनीखालचे थर तपासण्यासाठी घेतलेला अरुंद खड्डा, केवळ उंचवट्यावर घेतला, तर वस्ती समजते, पण ती कशावर जगत होती हे समजत नाही. वस्तू मिळवण्यासाठी चर घेऊ नये. उंचवट्यावरचा थर खाली शेतात कोठवर जातो, आणि शेत वस्तीच्या आधीचे की नंतरचे, एवढे दोन प्रश्न मनात धरून तो आखावा.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना मिळाल्याशिवाय कुदळ उचलू नये. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामुदायिक जमीनधारक संस्थेची असून कसणारा कूळ वेगळा असणे येथे नेहमीचे आहे, तेव्हा दोघांचीही लेखी संमती घ्यावी. सरद म्हणजे पावसाळी भाताचे पीक कापल्यानंतर काम सुरू करावे आणि जूनचा पाऊस येण्यापूर्वी चर बुजवून झालेले असावेत. वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात लावलेल्या शेतात मात्र ते पीक निघेपर्यंत थांबलेच पाहिजे.

प्रथम नांगरटीनंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर समान अंतराच्या रांगांतून चालून खापरे, विटांचे तुकडे आणि राख मिसळलेली काळी माती नकाशावर नोंदवावी. घट्ट वस्तुसमूहाच्या मध्यावर एक चर आणि त्याच्या कडेवरून शेताकडे उतरणारा दुसरा, अशी आखणी करावी. दोन मीटर रुंदीचा, उताराच्या दिशेने जाणारा लांब चर शेतासाठी सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण वरून वाहून आलेली माती आणि जागेवर साचलेला थर यांतील फरक त्याच्या उभ्या छेदात स्पष्ट दिसतो. उंची मोजण्यासाठी एक कायम बिंदू पक्क्या दगडावर ठरवून सर्व नोंदी त्याच्याशी जोडाव्यात.

नांगरटीखालील माती काढताना फावडे बाजूला ठेवून थापी (गवंड्याची लहान करणी) वापरावी. ठराविक जाडीचे काप घेण्यापेक्षा मातीचा रंग, पोत आणि घट्टपणा बदलताच थर बदलला असे समजून नवा क्रमांक द्यावा, आणि खापरे त्या थराच्या क्रमांकाच्या पिशवीतच ठेवावीत. मातीचा रंग डोळ्यांच्या अंदाजाने न लिहिता मुन्सेल रंगपत्रावरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या प्रमाणित रंगनमुन्यांशी ताडून लिहावा. कालनिर्णयाचा एक सोपा आधार गोव्यात उपलब्ध आहे: मंगळूरच्या कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ज्या थरात असे कौल अखंड थराखाली दाबलेले सापडते, तो थर त्यापूर्वीचा असू शकत नाही. निळ्या नक्षीची चिनी मातीची खापरे पोर्तुगीज काळात विपुल दिसतात. मात्र एका तुकड्यावरून थराचे वय ठरवण्याची घाई करू नये, कारण उंदीर, मुळे आणि नांगर हे तिन्ही वस्तू इकडच्या तिकडे करतात.

येथे एक गोष्ट विशेष जपावी लागते. जांभ्याचे चिरे हे मौल्यवान बांधकाम-साहित्य असल्याने जुनी भिंत पुढच्या पिढ्यांनी उपसून नेलेली असते, आणि उरतो तो केवळ सैल मातीने भरलेला लांब खड्डा. भिंत शोधणाऱ्याला तो रिकामा वाटतो. प्रत्यक्षात तोच भिंतीचा आराखडा असतो, म्हणून त्याच्या दोन्ही कडा थापीने स्वच्छ करून मोजाव्यात. दक्षिण गोव्यात कुशावती नदीच्या काठच्या चांदोर येथे, जेथे इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी १९२९ मध्ये उत्खनन केले होते, विटांचे देवालय आढळले आहे. जांभ्याच्या प्रदेशात विटांची ओळ दिसली तर तिच्याकडे लक्ष द्यावे. जांभ्याच्या आम्ल मातीत हाडे टिकत नाहीत, म्हणून हाडे न सापडणे म्हणजे जनावरे नव्हती असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

खाजनात काम वेगळे आहे. येथे चर बांधापासून दूर घ्यावा, कारण चालू बांध अथवा मानस (बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याचे दार) छेदल्यास खारे पाणी आत येऊन अनेक शेतकऱ्यांचे पीक जाते, आणि कोणत्याही शोधाची ती किंमत असू शकत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून पाण्याच्या पातळीचा अंदाज घ्यावा, एका कोपऱ्यात पाणी साठवण्यासाठी खोल खळगा ठेवावा आणि एक मीटरहून खोल जाताच बाजू पायऱ्यांनी मागे घ्याव्यात. ओल्या चिखलाच्या भिंती इशारा न देता कोसळतात. याच चिखलात मात्र हवा न पोचल्यामुळे लाकूड, बिया आणि भाताचा तूस टिकून राहतात. करड्या चिखलाचे नमुने प्रत्येक थरातून स्वतंत्र घेऊन पाण्यात तरंगवून बारीक चाळणीतून गाळावेत. कोळसा सापडल्यास हाताने न उचलता चिमट्याने अॅल्युमिनियमच्या कागदात ठेवून त्याची नेमकी जागा आणि थर लिहावा.

वस्तीचा मागमूस नसलेली मूळ माती लागली, तिच्यातही थोडे खोल तपासून खात्री केली, की निदान दोन बाजूंच्या छेदांचे चित्र व छायाचित्र घ्यावे. बुजवताना तळाशी पाणी झिरपणारे कापड अंथरून त्यावर कामाची तारीख असलेला ठळक खुणेचा तुकडा ठेवावा, नंतर खालची माती खाली आणि कसाची वरची माती वर, या क्रमाने पायाने दाबत भरावी. पहिल्या पावसानंतर जागा खचली आहे का हे पाहून मालकासमक्ष ती पुन्हा समतल करून द्यावी.