छबिन्यासाठी लेझीम बसवायची असेल तर

लेझीम शिकवायची म्हणजे पोरींना रांगेत उभं करून पहिला हात दाखवायचा, अशीच बहुतेक ठिकाणी सुरुवात होते. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी कान, मग हात, आणि पाय सगळ्यात शेवटी. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या छबिन्याला, म्हणजे देवाच्या पालखीच्या मिरवणुकीला, मी मुलींचं पथक बसवते, तिथे हाच क्रम उपयोगी पडतो.

लेझीम हलकी घ्या. तालमीतली जड लेझीम अंगमेहनतीसाठी असते, बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं मनगट तिने लवकर भरून येतं. हातात घेऊन एकदा ताणून बघा. चकत्या गंजून चिकटल्या असतील तर छन् न वाजता नुसतं खट् वाजतं. गंज घासून काढा आणि तेलाचं बोट फिरवा. तेल जास्त झालं तर धूळ धरते.

आता कानाचं. मुलींना खाली बसवा. हलगीवाल्याला पहिल्या दिवसापासून बोलवा, मोबाईलवरच्या आवाजावर सराव नको. हलगी शेकून चढली की ठोका कसा टणक येतो, खेळणाऱ्यांकडे बघत वाजवणारा लय कशी वाढवतो, हे समोरासमोरच कळतं. आधी नुसत्या टाळ्या. टाळी एक झाली की बसल्या बसल्याच लेझीम हातात द्या. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. कुठल्या हातात काय हे सगळ्यांचं एकच ठेवा. ताणली की एक आवाज, मिटली की दुसरा. खरी मेहनत या दोन आवाजांच्या मधल्या जागेवर घ्या. तिथे साखळी गप्प राहिली पाहिजे. मनगट सैल असलं की चकत्या मध्येच किणकिणतात आणि वीस जणींचा ठोका विस्कटतो. मी पाठ करून उभी राहते आणि ऐकते. ज्या बाजूने किणकिण येते, तिथे जाऊन मनगट धरून दाखवते.

1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांत सांगलीच्या 400 जणांच्या पथकाने लेझीम सादर केली होती. एवढ्या घोळक्यात एखाद्याचा हात वर-खाली झाला तर खपून जातं, आवाज फाटला तर नाही खपत.

आवाज बसला की उभं करा. चार ठोक्यांचा हात पुरे : वाकून पायाजवळ ताण, उठताना कमरेशी मिट, छातीसमोर ताण, पुन्हा मिट. वाकताना गुडघ्यातून वाका म्हणावं, नुसत्या कमरेतून वाकलं की अर्ध्या वाटेत पाठ धरते. पावलं यावर आपोआप चढतात, त्यांचा फार बाऊ करू नका.

मिरवणुकीत मात्र एक गोष्ट सांभाळायची. जत-आटपाडीकडच्या धनगरांच्या गजी नृत्यात ढोल मधोमध आणि माणसं भोवती गोल असतात, त्यामुळे ठोका सगळ्यांना सारखाच मिळतो. छबिन्याची रांग लांबलचक. हलगी, घुमकं, कैताळ सगळं पुढे ठेवलं तर मागच्या पोरींपर्यंत ठोका उशिरा पोचतो आणि शेपूट मागे पडतं. म्हणून वाजंत्री रांगेच्या मध्ये घ्या. पुढे चालायचा मान वाजंत्र्यांचा असेल, तर आधी त्यांच्याशी नीट बोलून घ्या. मी दरवर्षी बोलते, आणि कारण सांगितलं की ऐकतात.

बोळाच्या वळणावर आतल्या बाजूच्या मुलींनी जागेवर पाय मारायचे, बाहेरच्यांनी लांब टाकायचे. याचा सराव मैदानात नको, त्याच बोळात करा, संध्याकाळी गुरं घरी आल्यावर. थांबायची खूणही आधीच ठरवून ठेवा. शिट्टी गर्दीत ऐकू येत नाही. आमच्याकडे हलगीवर दोन जोराचे ठोके पडले की तिसऱ्यावर सगळ्या लेझिमा मिटतात.