खरचटलं, कापलं? हळदीचा डबा राहू द्या, आधी नळाखाली धरा

संक्रांतीच्या आधीचा रविवार, गच्चीवर पुतण्या पतंग उडवून राहिला होता आणि मी चक्री धरून. पेच लागला, त्याने ढील मागितली आणि मांजा माझ्या तर्जनीवरून सर्रकन गेला. आधी नुसती पांढरी रेघ दिसली, मग भळाभळा रक्त. आई हळद घेऊन आली, वहिनी डेटॉलची बाटली घेऊन आली आणि शेजारच्या गच्चीवरून काका ओरडले, "काही नाही होत बे, उघडं ठेव, हवा लागली की दोन दिवसात खपली धरते!" तिघांची काळजी खरी होती पण तिन्ही उपाय मी केले नाही, काहून ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे दाबणं. स्वच्छ रुमाल किंवा गॉज ठेवा, घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि मोबाईलवर १० मिनिटांचा टायमर लावा. मधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही, सगळे तेच करतात. कापल्याबरोबर रक्तवाहिनी आकसते, प्लेटलेट्स गोळा होतात आणि त्यांच्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांची बारीक जाळी विणली जाते, तुम्ही दर मिनिटाला रुमाल उचलला तर ती जाळी त्याच्यासोबत निघून येते आणि परत पहिल्यापासून सुरू.

मग धुवा. आधी स्वतःचे हात साबणाने, नंतर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली चांगली पाचेक मिनिटं. पाणी पिण्यालायक असलं की झालं, सलाईनच पाहिजे असं नाही. साबण जखमेच्या आजूबाजूला लावा, आत नको. गाडीवरून पडून गुडघा सोलला असेल तर इथेच वेळ घाला, आपल्या रोडवरची बारीक गिट्टी आणि धूळ आत राहिली तर कातडी तिच्यावरूनच भरते आणि काळा-निळा डाग जन्मभर गोंदल्यासारखा राहतो. चिमटा स्पिरिटने पुसून खडे काढा. ते स्पिरिट चिमट्यालाच बरं, जखमेत ओतू नका, हायड्रोजन पेरॉक्साईड आणि पाणी न मिसळलेलं डेटॉल पण नाही. चरचरलं म्हणजे औषध लागू पडलं असं आपल्याला लहानपणापासून वाटतं, पण त्यात जंतूंसोबत जखम भरणाऱ्या नव्या पेशीही मरतात. आणि हळद? दुधात घ्या ना बाप्पा. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेत तिचा लगदा होतो आणि खाली लाल झालं की पिवळं, काही समजत नाही.

आता काकांच्या हवेबद्दल. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवर बारक्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ फिल्मने झाकल्या, तर झाकलेल्यांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे, नव्या कातडीच्या पेशी कडेकडून आत सरकत येतात आणि त्यांना सरकायला ओल लागते. वर कडक खपली असली तर बिचाऱ्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागते. म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या (ट्यूब असेल तर बरं, डबीत बोटं घालू नका), वरून पट्टी. रोज बदला, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत घामाने भिजली की लगेच. चिकटली तर ओढू नका, पाण्याने भिजवून सोडवा.

मी मागच्या वर्षी गुडघ्यावर याच्या उलट केलं होतं. पावडर भुरभुरून उघडा ठेवला, पापडासारखी खपली आली, जिना चढताना तडकायची, जीन्सला चिकटायची, वरून मी नखाने खरडून राहिलो होतो, तीन आठवडे गेले. यंदाचं बोट आठ दिवसांत बुजलं. अर्थात गुडघा आणि बोट सारखं नसते, पण तरी.

पहिले दोन-तीन दिवस कडा लाल, गरम, थोड्या सुजलेल्या दिसतील. घाबरू नका, पांढऱ्या पेशी आत साफसफाई करून राहिल्या असतात. पातळ पिवळसर पाणी म्हणजे लगेच पू नव्हे. मग गुलाबी दाणेदार मांस भरते आणि खाज सुटते. वरून बुजली तरी आतलं काम महिनोन्महिने चालतेच, मूळ कातडीची पूर्ण ताकद काही परत येत नाही, फार तर ८० टक्के. नवी कातडी उन्हात काळी पडते, म्हणून झाका किंवा सनस्क्रीन लावा.

डॉक्टरकडे कधी? १० मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, कडा उघड्या पडतात, आत काच आहे, बोट वाकत नाही किंवा टोक बधिर झालं (मांजाने बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, नाहीतर स्पर्श कळवणारी नस कापली जाऊ शकते), तर त्याच दिवशी, टाके पहिल्या काही तासांत घातलेले बरे. लाली वाढते का हे समजत नसेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा, दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला की निघा. शुगरवाल्यांनी पायाची जखम बारकी म्हणून घरी बसू नये. कुत्रा चावला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, मिरची-चुना काही लावू नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर ओरखड्याला लागत नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ बारक्या जखमेला १० वर्षं चालते, मातीच्या किंवा खोल जखमेला ५. शेवटचं कधी घेतलं आठवत नाही ना? मलाही आठवत नव्हतं, म्हणून घेतलं आणि तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवली.

आणि पुढच्या संक्रांतीला गच्चीवर जायच्या आधीच बोटांना चिकटपट्टी गुंडाळून घ्या, पुतण्याने गुंडाळली होती, मीच शहाणा निघालो.