उंदरांवरचा ‘डिप्रेशन’चा पेपर कसा वाचायचा

‘ताणामुळे उंदरांच्या मेंदूतलं सेरोटोनिन (मूडशी जोडलं जाणारं रसायन) घटलं’ अशी बातमी दिसली की आधी मूळ पेपर उघडा आणि सरळ मेथड्सवर, म्हणजे प्रयोग कसा केला त्या भागावर, जा.

पहिलं बघा ताण कसला दिलाय. रोज एकच त्रास दिला तर उंदीर त्याला सरावतो आणि कॉर्टिकोस्टेरॉनची, म्हणजे आपल्या कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनच्या जागी त्यांच्यात जे असतं त्याची, उसळी हळूहळू कमी होत जाते. म्हणून संशोधक पॉल विल्नरच्या टीमने 1987 मध्ये गाजवलेल्या पद्धतीत काही आठवडे त्रास आलटून पालटून देतात, कधी पिंजरा तिरका, कधी भुसा ओला, कधी रात्रभर दिवा चालू, पुढं काय होणार याचा अंदाजच येऊ द्यायचा नाही.

मग टेस्ट. साधं पाणी आणि पातळ साखरपाणी अशा दोन बाटल्या ठेवतात, ताण सोसलेला उंदीर गोडाकडे पहिल्यासारखा ओढला जात नाही. इथं बाटल्यांच्या जागा बदलल्या होत्या का आणि आधी उपाशी ठेवलं होतं का ते शोधा, नाहीतर तो आकडा भुकेचाही असू शकतो. नुसती पोहायची टेस्ट (उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ न धडपडता तरंगतो ते मोजतात) असेल तर मी तरी जपूनच घेतो, तरंगत राहणं म्हणजे हार मानणंच असं कुठंय, ताकद वाचवत असेल बिचारा.

आता केमिस्ट्री, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मेंदूचा तुकडा वाटून सेरोटोनिन मोजलं तर पेशींच्या आत साठवलेलंही त्यात येतं, बाहेर किती सुटतंय ते कळत नाही, त्यासाठी मायक्रोडायलिसिस, म्हणजे जिवंत मेंदूत बारीक नळी घालून पेशींबाहेरचा द्रव तपासणं, लागतं. शिवाय मेंदूतली जागा बघाच. बीडीएनएफ, म्हणजे मेंदूच्या पेशींना जगवणारं-वाढवणारं प्रोटीन, हिप्पोकॅम्पसमध्ये (आठवणींशी जोडलेला भाग) बऱ्याचदा घटलेलं मिळतं, पण दांडग्या उंदराकडून रोज मार खाल्लेल्यांच्या मेंदूतल्या, आनंद-बक्षिसाशी जोडलेल्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्समध्ये तेच वाढलेलं सापडलंय. पेशींच्या फांद्यांचंही तसंच, 2002 मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या सुमंत्र चटर्जींच्या टीमने दाखवलं की 10 दिवस रोज 2 तास जखडून ठेवलं तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि भीतीशी जोडलेल्या अमिग्डालातल्या वाढतात. त्यामुळे ‘मेंदूत अमुक कमी झालं’ एवढंच लिहिलं असेल तर कुठं ते विचारा.

रक्त कधी काढलं तेही बघा, उंदीर निशाचर, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी चढतं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या नमुन्यांची तुलना केली असेल तर तो पेपर तिथंच बंद करा.