स्पोर्ट्‌स कारचं बॉडी किट घडवताना या चुका टाळा

फोर्ड मस्टँगसारख्या गाडीसाठी फायबरचं बॉडी किट, म्हणजे बंपर, फेंडर, स्कर्ट असे बाहेरचे भाग, बनवायला निघालेला नवखा माणूस जवळजवळ नेहमीच चित्रापासून सुरुवात करतो. फोनमध्ये रुंद फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) गाडीचा फोटो असतो, त्यावरून कागदावर रेघा ओढल्या जातात आणि आठवड्याभरात फोम कापायला घेतला जातो. टेप घेऊन गाडीखाली कोणी गेलेलंच नसतं. मग टायर फेंडरला घासतो, लिप (पुढच्या बंपरखालची कड) बेसमेंटच्या रॅम्पवर फुटते, बोनेट आणि बंपरमधली फट डावीकडे 4 मिमी तर उजवीकडे 9 मिमी दिसते, आणि सगळा राग फायबरवाल्यावर निघतो. पुढच्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत. त्यातल्या दोन सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा त्यांच्यातच बुडतो.

चाक हललं की कुठे जातं हे न बघताच फेंडर आखणं

गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ, आणि टेप रिमच्या कडेपासून फेंडरपर्यंत. या मापावर बनवलेला फेंडर उभ्या गाडीवर छान दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात टायर खातो. चालत्या गाडीचं पुढचं चाक वर जातं, वळतं, आणि वर जाताना त्याचा कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. या तिन्ही हालचाली टोकाला गेल्या की टायरचा खांदा नेमका कुठे येतो, ते माप लागतं. ते डोळ्यांनी अंदाजता येत नाही.

त्यासाठी गाडी चार स्टँडवर घ्या. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा जोड) उतरवून स्प्रिंग बाहेर काढा आणि रिकामा स्ट्रट परत बसवा. हे काम स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय करायचंच नाही; दाबलेल्या स्प्रिंगवरचा नट सोडला तर ती जीव घेऊ शकते. अँटीरोल बारची (वळणात गाडीला कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक सोडा. जो रिम आणि जो टायर शेवटी गाडीवर राहणार आहे, तोच लावा. एकाच 275 मापाचे (मिमीमध्ये रुंदी) दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरनी कमीजास्त भरतात, म्हणून उसना टायर चालत नाही. आता फेंडरच्या आत, वरच्या कडेला आणि पुढच्या-मागच्या कोपऱ्यांत ओल्या शाडूचे लिंबाएवढे गोळे चिकटवा. हबखाली जॅक लावून बंप स्टॉप (सस्पेन्शनच्या टोकाचा रबरी अडसर) पूर्ण दबेपर्यंत चाक वर न्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाक खाली आणून गोळे मोजा. जिथे शाडू 12 मिमीपेक्षा पातळ झाला, तिथे फेंडर बाहेर किंवा वर सरकवावा लागेल. रबराचे बुश वळणात दबतात, त्यामुळे यापेक्षा कमी जागा ठेवून चालत नाही.

ऑफसेटचं (ईटी), म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतच्या अंतराचं, गणित याच वेळी कागदावर करा. 9 इंची, ईटी 45 चा रिम काढून 10.5 इंची, ईटी 30 चा बसवला, तर रुंदीमुळे बाहेरची कड 19 मिमी आणि ऑफसेटमुळे आणखी 15 मिमी, म्हणजे एकूण 34 मिमी बाहेर येते. आतली कडही 4 मिमी आत सरकते. तिथे स्ट्रट आहे की ब्रेकचा पाइप, ते बघायला हवं. बरेच जण उलट करतात: आधी देखणा फेंडर, मग तो भरून दिसावा म्हणून जाड स्पेसर (रिम आणि हबमधली चकती). स्पेसरने बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देतं, आणि स्टड लांब घेतले नाहीत तर नट दोन-तीन आट्यांवरच लटकतो. आधी रिम, मग टायर, मग माप आणि सगळ्यात शेवटी फेंडर. हा क्रम मोडणाऱ्याचं काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचा फेंडर बोल्टवर असतो, बिघडला तर नवा मिळतो. मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्ड केलेला असतो. तो कापला की माघार नाही. तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे असतात. कापल्यावर दोन्हींमधली पोकळी उघडी पडते. आतला पत्रा बाहेरच्याला मिळवून वेल्ड करायचा, झिंक प्रायमर द्यायचा, सीम सीलरची सलग रेघ ओढायची आणि मगच फायबरचा फ्लेअर (चाकाभोवतीची रुंद कड) बसवायचा. नुसतं सिलिकॉन भरून फ्लेअर रिव्हेट केलेल्या गाडीच्या डिकीत पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचतं, आणि गंज रिव्हेटच्या भोकांपासून पसरत जातो.

हार्डनर वाढवून दिवस वाचवणं

ही घाई ठरलेल्या वळणानेच जाते. एप्रिल महिना, शेडमध्ये 38 अंश, आणि रविवारी गाडी मित्रांना दाखवायची असते. वजनकाटा बाजूला ठेवून रेझिनमध्ये (फायबर बांधणाऱ्या द्रवात) झाकणाने हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, ओतला जातो. सगळ्या मॅट (काचेच्या धाग्यांच्या चादरी) एकावर एक, एकाच दमात बसवल्या जातात. तासाभरात मोल्डला (साच्याला) हात लावला तर चटका बसतो आणि त्याचंच समाधान वाटतं, की काम पटकन सुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बंपर बाहेर, संध्याकाळी पुट्टी, तिसऱ्या दिवशी काळा रंग. रविवारी गाडी खरंच सुंदर दिसते. पंधरा दिवस उन्हात उभी राहिली की रंगाखालून मॅटचे धागे दिसायला लागतात, बंपरची दोन्ही टोकं आत वळतात, फेंडरपाशी बोटभर फट पडते आणि बोल्टभोवती चांदणीसारख्या चिरा उमटतात. त्यावर पुन्हा पुट्टी भरली जाते, आणि तीही फुटते.

कारण सरळ आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकारमानाने साधारण 5 ते 8 टक्के आक्रसतं. जाड थर एकदम दिला आणि हार्डनर जास्त पडला, की उष्णता वाढते आणि हे आक्रसणं एका झटक्यात होतं. बंपर दुसऱ्याच दिवशी काढला, तर उरलेली प्रक्रिया मोल्डच्या बाहेर चालू राहते, जिथे त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. काळ्या रंगाचा पृष्ठभाग उन्हात 70 अंशांच्या आसपास जातो; ऑर्थो प्रकारचं साधं रेझिन त्याच पट्ट्यात मऊ पडू लागतं. मग वजन जिकडे ओढेल तिकडे बंपर वाकतो.

हार्डनर काट्यावर मोजा: 1 किलो रेझिनला 25 अंशांत 15 ग्रॅम, कडक उन्हाळ्यात 10 ग्रॅम, थंडीत फार तर 20. 10 च्या खाली गेलात तर रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही. आपल्याकडे बरेचदा कोबाल्ट (प्रक्रिया वेगवान करणारं रसायन) वेगळा मिळतो. तो आधी सगळ्या रेझिनमध्ये नीट ढवळायचा आणि हार्डनर नंतर, लागेल तेवढ्याच भागात टाकायचा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवा आणि दोन्हींना एकच मापपात्र वापरू नका. नवा डबा उघडला की 100 ग्रॅमचा नमुना करून बघायचा. 20 ते 25 मिनिटांत जेलीसारखं झालं तर प्रमाण बरोबर आहे. नाहीतर तिथेच दुरुस्त करायचं, बंपरवर प्रयोग करायचे नाहीत.

थर असे द्या. आधी जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रेझिनचा थर, सुमारे अर्धा मिमी, म्हणजे एका चौरस मीटरला 500 ते 600 ग्रॅम. तो बोटाला चिकट लागावा, पण रंग बोटावर येऊ नये. मगच पुढचा थर. जेलकोट पातळ राहिला तर वरच्या रेझिनमधलं स्टायरिन हे विद्रावक त्याला चावतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. त्यानंतर चौरस मीटरला 300 ग्रॅमची एक मॅट, कोपऱ्यांतला एकही बुडबुडा न सोडता रोलरने बसवलेली. ती घट्ट झाली की 450 च्या दोन. जाडी साधारण पावणेतीन मिमी भरते. 2 चौरस मीटरच्या बंपरला मॅट 2.4 किलो आणि रेझिन 5 ते 6 किलो लागतं, म्हणजे जेलकोट धरून बंपर नऊ-साडेनऊ किलोच्या आत यायला हवा. 12 किलो भरला तर ती मजबुती नसते, जादा रेझिन असतं, आणि असाच बंपर आधी तडकतो.

मोल्डमध्ये किमान 24 तास, शक्य असेल तर 48. काढल्या काढल्या बंपर गाडीवरच सगळ्या बोल्टांनी आवळायचा आणि तीन-चार दिवस उन्हात ठेवायचा. जे हलायचं ते प्रायमरच्या आधी हलू द्या. ही सवय कुठल्या पुस्तकातली नाही, पण ज्यांचे बंपर सरळ राहतात ते सगळे हेच करतात.

मोल्डबद्दलही तेवढीच शिस्त हवी. तो किटच्या भागापेक्षा किमान तिप्पट जाड, म्हणजे 8-9 मिमी. एका दिवसात दोनपेक्षा जास्त मॅट नाहीत. पॅटर्नवरून (फोमच्या मूळ नमुन्यावरून) उचलण्याआधी पूर्ण आठवडा. बंपरची खालची कड आत वळते, त्यामुळे एकसंध मोल्डमधून तो निघतच नाही. मोल्ड दोन-तीन भागांत करा, जोडावर 60 मिमीची पट्टी ठेवा आणि दर 150 मिमीला बोल्ट घ्या. उभ्या भिंतींना 3 अंश तरी उतार द्या. नव्या मोल्डला मेणाचे सहा हात आणि वर पीव्हीए (भाग साच्याला चिकटू न देणारा पातळ थर). मेणाचे दोनच हात देऊन मोल्ड आणि बंपर दोन्ही फोडून काढावे लागलेले लोक शोधायला लांब जावं लागत नाही.

बाकीच्या चुका

थर्माकोलवर थेट पॉलिएस्टर लावू नका; स्टायरिन त्याला विरघळवतं. पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या किंवा इपॉक्सी वापरा.

एकच बाजू स्कॅन करून दुसरी संगणकावर उलटवणं हा आवडता शॉर्टकट आहे. गाड्या दोन्ही बाजूंनी सारख्या नसतात, ठोकून दुरुस्त झालेल्या तर मुळीच नसतात. दोन्ही बाजू स्कॅन करा, तेही गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आणि बंपरचे सगळे बोल्ट आवळलेले असताना.

पीएलए या प्लॅस्टिकमध्ये 3डी प्रिंटरवर छापलेला भाग गाडीवर कायमचा लावू नका. 60 अंशांच्या आसपास तो ढिला पडतो. एएसए हे प्लॅस्टिक वापरा.

कंपनीचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो. त्यावर साधी पुट्टी किंवा प्रायमर धरत नाही, पापुद्रा निघतो. आधी प्लॅस्टिकचा अ‍ॅडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा अस्तर थर) मारा.

बंपरमागचा क्रॅश बीम आणि त्यावरचा फोम नव्या डिझाइनला आड येतो म्हणून कापणं अक्षम्य आहे. एअरबॅगचे सेन्सर पुढची टक्कर ठरावीक पद्धतीने झेलली जाईल हे धरून बसवलेले असतात. डिझाइन बदला, बीम नाही. पुढे रडार असेल तर त्याच्यासमोर कार्बन फायबर चालत नाही. ते वीजवाहक आहे आणि लहरी अडवतं.

लिपची उंची ठरवताना आपल्या सोसायटीचा रॅम्प मोजा. चाकाच्या मध्यापासून 700 मिमी पुढे आणि जमिनीपासून 100 मिमी वर असलेली लिप साधारण साडेआठ अंशांचा चढ चढते. तीच लिप 750 मिमी पुढे आणि 75 मिमी वर केली की सहा अंशही जेमतेम. 1:8 चा बेसमेंट रॅम्प 7 अंशांचा असतो.

हवेबद्दलचं अज्ञान जास्त महागात पडतं. रेडिएटरपुढचं तोंड त्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश ठेवा, आणि तिथून रेडिएटरपर्यंत चारही बाजूंनी बंद डक्ट करा. डक्ट नसेल तर हवा कडेने निसटते, मोठं तोंड ठेवूनही तापमानाची सुई चढते. डिफ्यूझरचा (मागच्या बंपरखालच्या वर चढत जाणाऱ्या तळाचा) कोन 7 ते 12 अंशांत ठेवा. त्यापुढे हवा पृष्ठभाग सोडते आणि तो नुसता शोभेचा उरतो. मागे मोठा विंग आणि पुढे काहीच नाही असं केलं, तर वेगात पुढची चाकं पकड सोडतात. उलट मागची बाजू हलकी पडली तर काय होतं ते पहिल्या ऑडी टीटीने दाखवलं. ती गोलसर, स्पॉयलर नसलेली गाडी जर्मनीच्या ऑटोबानवर वेगात लेन बदलताना ताबा सुटून अपघातात सापडू लागली, आणि ऑडीला गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदलावं लागलं, मागे छोटा स्पॉयलर आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) द्यावं लागलं. एवढी साधनं असलेल्या कंपनीचं हे झालं. फोटो बघून विंगची उंची ठरवणाऱ्याने ताशी 150 वर जाण्याआधी विचार करावा.

कायद्याचं आधी विचारा, नंतर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रुंद फेंडर कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडून लेखी उत्तर घ्या. गाडी फक्त ट्रॅकवर नेणार असाल तर ट्रेलरवर न्या.

शेवटचं काम बसवण्याचं, आणि इथेही घाई नडते. 1.8 मीटरची एबीएस प्लॅस्टिकची साइड स्कर्ट (दाराखालची पट्टी) पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांच्या फरकात सुमारे 6 मिमी वाढते. खालचा पत्रा 1 मिमीही वाढत नाही. म्हणून मधलं एकच भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा. एम6 चा स्टेनलेस बोल्ट, 20 मिमीचा रुंद वॉशर, मध्ये रबर. बोल्ट इतकाच आवळा की स्कर्ट हाताने ढकलल्यावर जरा सरकेल. नुसत्या डबल टेपवर भरवसा ठेवू नका. पहिल्या 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, आणि ज्या भोकाभोवती रंग घासलेला दिसेल ते आणखी लांब करून घ्या.