ब्लॉक करायच्या आधी

वाळूउपशाची माझी बातमी छापून आली त्या रात्री कुणीतरी माझा नंबर अश्लील मजकुरासह व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर टाकला. साडेअकराला पहिला फोन आला, मग पहाटेपर्यंत फोन आणि घाणेरडे मेसेज. संतापून मी सगळं डिलीट केलं, दिसेल त्याला ब्लॉक केलं. सकाळी पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "ताई, मेसेज दाखवा." दाखवायला काही उरलंच नव्हतं.

पोरींनो, म्हणून आधी जपून ठेवा, मग ब्लॉक करा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. फेसबुक, एक्सवर नाव-फोटो रातोरात बदलतात, त्यामुळे पोस्टची आणि प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. ज्या फोनवर मेसेज आला तो फॉरमॅट करू नका, विकू नका. कोर्टात स्क्रीनशॉटसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

हे एकटीने मात्र करू नका. दुसऱ्या दिवशीही फोन थांबले नाहीत, तेव्हा नणंदेने माझा मोबाईल काढून घेतला आणि लेकाच्या वहीत रकाने आखले: वेळ, नंबर, काय म्हणाला. शिवी आली की ती नुसती फुली मारायची. चार पानं भरली. तक्रारीला तीच पानं जोडली.

ओळखीचा माणूस मागे लागला असेल तर एकदाच स्पष्ट लिहा, 'मला संपर्क करू नका.' नंतर एक अक्षरही नाही. नकार दिल्यावरही तो थांबला नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली, म्हणजे पाठलागाच्या गुन्ह्यात, महत्त्वाचं ठरतं.

धमकी असेल तर घरी आणि संपादकांना त्याच दिवशी सांगा. युनेस्को आणि आयसीएफजे या पत्रकारांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या पाहणीत २० टक्के महिला पत्रकारांनी सांगितलं, की ऑनलाइन छळाशी संबंधित हल्ला किंवा त्रास त्यांना प्रत्यक्षातही सोसावा लागला. काही दिवस जाण्यायेण्याची वाट आणि वेळ बदला.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. ठाण्यात 'आमची हद्द नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नुसता अर्ज घेतला तर शिक्का मारलेली पोच घ्या, आणि आठ दिवसांत फोन आला नाही तर ती पोच घेऊन परत जा.