तळात भोक पाडून बसवायचा सोनार ट्रान्सड्यूसर : निवड आणि बसवणी

मासेमारीच्या बोटीवरचा फिश फाइंडर कितीही महागडा असला, तरी पाण्याखालचे जे काही त्याला कळते ते ट्रान्सड्यूसरकडूनच, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाकडूनच, कळते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, त्यामुळे ७५ मीटर खोलीवरच्या समुद्रतळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो; मात्र ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोर बुडबुडे आले, तर हा ध्वनी हवेवर आपटून तिथूनच माघारी फिरतो. बोटीच्या तळाला आरपार भोक पाडण्याचा खटाटोप करायचा तो यासाठीच, की त्याचे तोंड सतत स्वच्छ, न फेसाळलेल्या पाण्यात राहावे.

निवड करताना प्रथम आपण किती खोलीवर मासेमारी करतो याचा विचार करावा. ५० किलोहर्ट्झचा ध्वनी पाण्यात कमी शोषला जातो, म्हणून तो खोलवर पोहोचतो. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी तेवढा खोल जात नाही, पण त्याची तरंगलांबी जेमतेम साडेसात मिलिमीटर असल्यामुळे जवळजवळचे मासे तो वेगवेगळे दाखवतो. ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो; त्या शंकूच्या कोनाचाही फरक मोठा आहे. ४५ अंशांचा शंकू ३० मीटर खोलीवर सुमारे २५ मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो, तर १२ अंशांचा शंकू केवळ सहा मीटरच्या आसपास. रुंद शंकूत जास्त मासे दिसतात हे खरे, परंतु ते नेमके कुठे आहेत हे त्यातून कळत नाही, ही गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास विसरली जाते. ट्रान्सड्यूसरची वारंवारता, वॅटमधील क्षमता आणि जोडणी आपल्या यंत्राशी जुळते ना, हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून आधीच पडताळावे.

बाह्य आवरण कशाचे असावे हे बोटीच्या तळानुसार ठरते आणि इथे तडजोड करू नये. लाकडी बोटीला ब्रॉन्झचे आवरण घ्यावे. प्लास्टिकचे कधीही घेऊ नये, कारण भिजलेले लाकूड फुगते आणि त्या दाबाने प्लास्टिक तडकू शकते. फायबरच्या बोटीला दोन्ही चालतात. ॲल्युमिनियमच्या तळाला ब्रॉन्झ लावले, तर खाऱ्या पाण्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन तळच झिजू लागतो. अशा बोटीला प्लास्टिक, किंवा तळापासून विलग ठेवणाऱ्या बुशसह (मध्ये बसणाऱ्या नळीसारख्या अस्तरासह) स्टेनलेस स्टील वापरावे.

तळाचा उतार मोजल्याशिवाय खरेदी पूर्ण होत नाही. शंकू सरळ खाली जायला हवा, म्हणून उतार भरून काढण्यासाठी आतील घटक १२ किंवा २० अंशांनी कललेले ट्रान्सड्यूसर मिळतात. उतार त्याहून जास्त असेल, किंवा मोठा ट्रान्सड्यूसर बसवायचा असेल, तर तळाच्या उताराप्रमाणे कापलेला फेअरिंग ब्लॉक (ट्रान्सड्यूसर आणि तळ यांच्यामध्ये बसणारा ठोकळा) लागतो.

आता जागा. माझ्या मते या संपूर्ण कामातला निम्मा वेळ जागा शोधण्यात जावा, कारण पाडलेले भोक मागे घेता येत नाही. बोट पाण्याबाहेर असताना तळाखाली उभे राहून पाणी नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागे कसे वाहत येईल, त्याच्या वाटेत काय काय येईल, हे डोळ्यांनी माग काढत पाहावे. पाणी कापत संथ चालणाऱ्या बोटीत जलरेषेच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरावर, नाळेकडून मोजून, जागा साधारणतः चांगली मिळते. वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीचा पुढचा भाग पाण्याबाहेर येतो. तिथे ट्रान्सड्यूसर बराच मागे, मध्यरेषेजवळ आणि तळावरच्या पहिल्या लांब उंचवट्याच्या आत असावा. पाणी आत घेण्याची किंवा बाहेर टाकण्याची भोके, उंचवटे आणि इतर जोडण्या यांच्या मागे तो कधीही नसावा. कीलच्या (तळाच्या मध्यरेषेवरील लांब कण्याच्या) अगदी लगत बसवल्यास शंकूचा एक भाग कीलने अडतो. बोटीच्या आत नट आवळायला आणि नंतर तपासायला हात पोहोचतो का, हेही तेव्हाच पाहावे.

भोक पाडताना आधी सुमारे तीन मिलिमीटरचे मार्गदर्शक छिद्र पाडून ते आतून-बाहेरून योग्य जागी आले आहे याची खात्री करावी, आणि मगच ट्रान्सड्यूसरच्या दांड्याला साजेशा मापाचा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) तळाला काटकोनात चालवावा. फेअरिंग ब्लॉक वापरायचा असल्यास मात्र भोक क्षितिजसमांतर पातळीला लंब, म्हणजे उभे, असावे. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा हलके लाकूड भरलेला तळ असेल, तर आतले भोक मोठे करून भोकाभोवतीचा भराव काढावा आणि ती पोकळी इपॉक्सीने भरावी. अन्यथा पाणी भरावात झिरपत जाते आणि तळ आतून कुजू लागतो. ही पायरी घाईत गाळण्याचा मोह होतो, म्हणून तिच्यावर मुद्दाम जोर देतो.

काठ घासून स्वच्छ केल्यानंतर ट्रान्सड्यूसरच्या कडेखाली आणि दांड्याभोवती जलरेषेखाली चालणाऱ्या सागरी सीलंटचा सुमारे दोन मिलिमीटरचा सलग थर द्यावा आणि ट्रान्सड्यूसर किंचित फिरवत आत दाबावा. ट्रान्सड्यूसरची पुढची बाजू सूचनेप्रमाणे नाळेकडे ठेवून नट आवळावा. प्लास्टिकचा नट हातानेच पुरेसा घट्ट होतो, आणि लाकडी तळ फुगण्यास वाव राहील इतकाच ताण द्यावा. केबल कापू नये, तिला धरून ट्रान्सड्यूसर उचलू नये आणि ती इंजिनाच्या तारांपासून दूर न्यावी. तोंडावर शेवाळरोधक रंग द्यायचा असल्यास तो पाण्यावर आधारित असावा, कारण कीटोनयुक्त द्रावक प्लास्टिकला इजा करतात.

सीलंट पूर्ण सुकल्यावर बोट पाण्यात सोडावी आणि लगेच आत जाऊन नटाभोवती कोरड्या हाताने चाचपावे. बारीक गळती लवकर नजरेस येत नाही, म्हणून पहिले तीन तास अधूनमधून तपासणी चालू ठेवावी आणि पहिल्या २४ तासांत बोट जास्त वेळ एकटी सोडू नये. पाणी झिरपताना दिसले, तर पंपाच्या भरवशावर न राहता बोट लगेच बाहेर काढून सांधा पुन्हा करावा.