लहानपणीची डिस्टोपियन कादंबरी पुन्हा वाचायची असेल तर

पुस्तक उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि गोष्टीतलं जे जे आठवतंय ते लिहून काढा. इंटरनेटवर कथासार शोधू नका. नावं चुकली तरी चालतील. डिस्टोपियन कादंबरी म्हणजे वरवर आदर्श, पण आतून भयाण समाजाची गोष्ट. लॉइस लॉरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) त्यातलीच. तिच्याबद्दल माझ्या कागदावर एवढंच उतरलं: हवेत क्षणभर वेगळंच दिसलेलं सफरचंद, बर्फावरची घसरगाडी, बाळाला घेऊन पळणारा गोष्टीतला मुलगा, जोनस. त्याच्या वडिलांबद्दल एक ओळही नव्हती.

कागदावर जो आलाच नाही, त्याच्यावर या वेळी नजर ठेवा. बहुतेकदा तो मोठा माणूस असतो, आणि आता तुम्ही त्याच्याच वयाचे झालेले असता.

जोनसचे वडील नवजात बाळं सांभाळतात. फार मायाळू माणूस. एका अशक्त बाळाला नावाने हाक मारली तर ते बाळसं धरेल, या आशेने ते नियम मोडून नावांची यादी चोरून बघतात, त्या गॅब्रिएलला रात्री घरी आणतात. मला ते मनापासून आवडले. मग एकोणिसावं प्रकरण येतं. तेच वडील, तोच लाडिक आवाज. जुळ्यांचं वजन करतात आणि हलक्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत इंजेक्शन देतात, कारण हाताच्या शिरा फार बारीक आहेत. ते निपचित बाळ खोक्यात घालून कचऱ्याच्या वाटेने सोडतात, वर त्याला टाटा करतात. राग नाही, क्रौर्य नाही. नेमून दिलेलं काम संपलं, इतकंच. हे प्रकरण एका बैठकीत, एकट्याने वाचा.

त्यानंतर पुढे न जाता मागे या. या समाजात ठार मारण्याला ‘रिलीज’ म्हणतात. या वेळी सुरुवातीपासूनच प्रत्येक ‘रिलीज’खाली पेन्सिलने रेघ मारत आला असाल, तर आता त्याचा उपयोग होईल. पहिल्याच प्रकरणात रस्ता चुकलेल्या वैमानिकाला रिलीज करणार असल्याची घोषणा होते, तीही गमतीच्या सुरात. म्हाताऱ्यांच्या रिलीजचा तर समारंभ असतो. प्रत्येक रेघेपाशी विचारा: जोनसच्या वडिलांना इथे थांबता आलं असतं का? मला वाटतं, यादी चोरून बघितली तेव्हा ते अगदी जवळ आले होते. पण पुढे गॅब्रिएलच्या रिलीजचा निर्णय एकमताने होतो, आणि त्या एकमतात तेही असतात.

सगळं एकसारखं असावं म्हणून या समाजाने रंग कसे घालवले, जुन्या जगाच्या आठवणी एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशा जातात, यात अडकू नका. कादंबरीला त्यात रस नाही. त्यापेक्षा या समाजाला बदल्यात काय मिळालं त्याची यादी करा. भूक नाही, युद्ध नाही, बेकारी नाही, वेदना नाहीत. यातलं काय तुम्ही आज आनंदाने घ्याल, त्यावर खूण करा. बाराव्या वर्षी मी एकही खूण केली नसती. आता घरच्यांची आजारपणं पाहिल्यावर ‘वेदना नाहीत’ यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली.

जुनी प्रत असेल तर तीच घ्या. समासातलं आपलं तेव्हाचं अक्षर मात्र पुस्तक संपल्यावर वाचा.

शेवट लॉरी यांनी मोकळा ठेवला आहे. जोनस आणि बाळ वाचले का, हे पुढच्या पुस्तकांत कळतं. शेवटचं २०१२ साली आलं. ती उघडण्याआधी, तुमच्या मते काय झालं ते त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.